निवट्यांचं तिखलं

रत्नप्रभा त्या दिवशी बोलू नये तेच बोलून बसली!

विक्रोळीच्या खाडीकाठी कांदळवनात निसर्ग शिक्षणाचं नवं केंद्र निघालं होतं. ती आपली चौथीची मुलं घेऊन तिथं सहलीला आलेली. माहिती सांगायला मुलुंडचा जयवंत... गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोळ्यांत नुसतं कौतुक!

"बघा, ही निवटी! मासा असून चिखलावर चालते."

"आणि तिखलं काय झकास होतं तिचं!" रत्नप्रभा पटकन म्हणाली.

मुलं खो-खो हसली. जयवंतचा चेहरा मात्र असा पडला, जणू त्याच्या घरच्याच कुणाला तिनं फोडणी घातली होती.

"बाई, तुम्ही... ह्यांना खाता?"

"मालवणी माणसं आम्ही. पूजा थोडीच करणार?"

"एकदा नुसतं बघा तरी. इथं, वाकून. हा आमचा गुणाजी."

गुणाजी नावाचा तो निवटा पाठीवरचे पर फुलवून चिखलावर उड्या मारत होता.

"एवढा का उड्या मारतोय?"

"समोरचीनं बघावं म्हणून."

"आणि नाही बघितलं तर?"

"परत मारतो. बिचाऱ्याला दुसरं येतंय काय?" म्हणता म्हणता जयवंतच लाजला. रत्नप्रभानं मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

मग दर शनिवारी, शाळा सुटली की बाई खाडीवर. मुलं नाहीत, सहल नाही... निमित्त आपलं गुणाजीचं! थंडी सरत आली तेव्हा जयवंतनं विचारलंच, "तुझ्या आईला कधी भेटू?"

"रविवारी जेवायला ये. पण ऐक, आई ताट बघून माणूस पारखते. मागच्या स्थळानं सुरमईचा तुकडा टाकला, तो हात धुवायच्या आत नकार!"

"मी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही गं..."

"वाट लागली!"

"शिकेन ना मासे खायला. तुझ्यासाठी एवढंही नाही करणार?"

रविवारी आईनं हौसेनं ताट वाढलं. ताटात निवट्यांचं तिखलं! बाजारात ताज्या मिळाल्या म्हणे.

"खा रे बाबा, लाजतस कित्याक?" आई म्हणाली.

जयवंतनं घास उचलला, पुन्हा ठेवला. डोळे मिटून गिळला असता तर सगळं जमलं असतं. पण तो हळूच म्हणाला, "मावशी, दुसरा कुठलाही मासा वाढा, खाईन. ह्यांना मी रोज नावानं हाक मारतो... ह्या नाही खाववणार."

आईच्या हातातला डाव हवेतच थांबला. रत्नप्रभानं आपलंही ताट पुढे सारलं.

"मीही नाही खाणार. सोडल्यात मी निवट्या."

"तापात पण निवट्ये मागणारा माझा चेडू! तुका काय झाला गो?"

"हा... हा झाला!" तिनं जयवंतकडे बोट दाखवलं आणि तिचे डोळे भरून आले.

आईनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोन्ही ताटं उचलून ती आत गेली. संपलं सगळं, दोघांनाही वाटलं. जयवंत उठायलाच निघाला, तेवढ्यात आतून तव्यावरची चुरचुर ऐकू आली.

आई तळलेला बांगडा घेऊन बाहेर आली. त्याच्या पुढ्यात ठेवत म्हणाली,

"ह्येका तरी नाव नाय ना ठेवलस?"

"नाही, मावशी."

"मग गप खा. आणि रत्ना, बघतस काय? काटे काढून दी तेका. आता जन्मभर तुकाच काढूचे आसत!"