बारा पिल्लं आणि पांढरा बल्ब

"ते नको, ते डुलक्या मारतंय! हे धर!" वाळूनानांनी टोपलीतून एक पिवळं पिल्लू उचललं आणि तेजलच्या ओंजळीत ठेवलं. "डोळं चमकलं पाहिजेत, पाय ताठ पाहिजेत, मागून स्वच्छ पाहिजे. नुसतं गोड दिसतं म्हणून घ्यायचं नाय!"

पण तेजलला बाराच्या बारा पिल्लं गोडच दिसत होती, त्याला ती काय करणार! सातपूरच्या घरामागे कोंबड्या पाळायच्या, घरची अंडी खायची, म्हणून वर्षभर तिने पप्पांच्या मागे भुणभुण लावली होती. दिवाळीची सुट्टी लागली, निफाडहून आतेभाऊ अमोल आला आणि पप्पांनी एकदाचं 'चला' म्हटलं. शेजारची निकिता तर न विचारताच गाडीत बसली होती. त्र्यंबक रोडला लागून आत गेलं की वाळूनाना आणि बयाबाईंची वस्ती. पिल्लं विकणं हाच दोघांचा धंदा.

"पंधरा दिस बल्बची ऊब द्या," नाना सांगत होते. "पिल्लं पसरून बसली तर मजेत हायेत. एकावर एक चढली तर गारठलीत, समजा."

अमोल आणि निकिता कान देऊन ऐकत होते. तेजलबाई मात्र बारशात गुंग! "ही करंजी, ही चकली, हा चिवडा, हा अनारसा..."

"हा अनारसा मला चावला!" निकिता ओरडली.

घरी आल्यावर पप्पांनी माळ्यावरून जुना पिवळा बल्ब काढला. मागच्या खोलीत खोक्यात भुसा पसरला, वर बल्ब टांगला आणि सगळ्यावर वेताचं टोपलं पालथं घातलं. "मला विचारल्याशिवाय टोपलं उचलायचं नाही. कळलं?"

"हो!" तिघंही एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा कारखान्यात, आई बाजारात, अमोल आणि निकिता पतंगाच्या मागे. तेजलला करंजीची फारच आठवण आली. एकदाच बघू, म्हणून तिने टोपलं उचललं. वायर अडकली, बल्ब खाली आपटला आणि फट्! काचाच काचा!

तिने घाईघाईने बटण बंद केलं, पिल्लं बादलीत घातली, भुसा बदलला, काचा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या तळाशी दडवल्या. मग कपाटातला नवा एलईडी बल्ब लावला. लख्ख उजेड पडला! आधीपेक्षाही जास्त! हुश्श! कोणाला काही कळणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाणे टाकायला तेजलने टोपलं उचललं, तर करंजी आणि चकली निपचित पडल्या होत्या.

"मांजर!" अमोलने लगेच निकाल दिला. "आपण तपास करायचा."

"मांजराने मारून तशीच कशी टाकली? खाल्ली नाहीत ती?" निकिताने विचारलं.

तेजलच्या डोळ्यांपुढे काचा आल्या. एखादी काच राहिली असणार, तीच त्यांनी गिळली असणार! मीच मारलं त्यांना! परसात पेरूखाली तिने खड्डा खणला. 'सांग, आत्ता सांग,' असं मन म्हणत होतं आणि ती नुसती माती लोटत होती.

पप्पा कारखान्यातून आले, दारातून डोकावले आणि म्हणाले, "बल्ब चालू आहे ना? मग झालं तर!" टोपल्याच्या फटींतून उजेड दिसत होता, तेवढं त्यांना पुरलं. इकडे गुप्तहेर मंडळींनी खोक्याभोवती आईच्या डब्यातलं गव्हाचं पीठ पसरलं. मांजर आलं की पाऊल उमटणारच! आईने डबा बघितल्यावर जो आरडाओरडा केला तो वेगळाच.

रात्री चांगलीच थंडी पडली. सकाळी पिठावर एकही ठसा नव्हता आणि चिवडा मेला होता.

"म्हणजे मांजर नाही. रोग आहे," निकिता हळूच म्हणाली.

"रोगट पिल्लं गळ्यात मारली त्या माणसाने!" पप्पा संतापले. त्यांनी फोन उचलला आणि कॉलनीच्या ग्रुपवर लिहून टाकलं: 'वाळूनानांकडून पिल्लं घेऊ नका. आजारी पिल्लं विकतात.' ना विचारपूस, ना चौकशी! दहा मिनिटांत अंगठे, रागावलेले चेहरे आणि 'बरं झालं सांगितलंत' यांची रांग लागली.

तेजल भिंतीला टेकून बसली. आता तिच्यामुळे एका माणसाचं नाव खराब झालं होतं.

"आपण जाऊन जाब विचारायचा!" अमोलने सायकल काढली. तेजलला नको होतं. पण नको का, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं! ती अमोलच्या मागे सायकलवर बसली.

वस्तीवर पोचल्यावर अमोल दम न खाता बोलला, "नाना, तुमची तीन पिल्लं मेली! तुम्ही आम्हाला फसवलंत!"

नानांनी मान खाली घातली. "कळलं बाबा. सकाळपासून चौघांचे फोन आले, पिल्लं नको म्हणून. चाळीस वर्सं धंदा करतोय, असं कोणी बोललं नव्हतं." मग त्यांनी बयाबाईंना हाक मारली. "अगं, पोरांना तीन चांगली पिल्लं काढून दे. मेली म्हंजे माझंच काय तरी चुकलं असंल."

बयाबाई पिल्लं काढू लागल्या. "तू पण ये गं पोरी, तुझ्या हाताने घे," त्यांनी तेजलला बोलावलं. तेजलने बल्बखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"आई गं! केवढा गरम!"

"गरमच असणार! उबेसाठीच तर लावतात," बयाबाई हसल्या. "त्यो पिवळा बल्ब लय तापतो. नवा पांढरा काय कामाचा? नुसता उजेड!"

तेजलच्या जन्मापासून घरात पांढरेच बल्ब. बल्ब तापतो, हे तिला कधी कळायलाच मिळालं नव्हतं! काच नाही, रोग नाही. थंडी! तिने लावलेल्या त्या लख्ख बल्बखाली पिल्लं रात्रभर कुडकुडत होती.

आणि समोर नाना, काहीही चूक नसताना, तीन पिल्लं खोक्यात ठेवत होते.

"नाना, नका देऊ!" ती ओरडली आणि रडायलाच लागली. "तुमचं काही चुकलं नाही! मी बल्ब फोडला. मी पांढरा लावला आणि कोणाला सांगितलं नाही. पिठाचा तपास चालला होता तेव्हाही मी गप्प बसले. मी मारली ती पिल्लं!"

"काय?" अमोल आणि निकिता एकदमच म्हणाले. अमोलचा चेहरा लाल झाला होता. "आणि मी नानांना फसवे म्हणालो!"

नानांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाकीची नऊ जिती हायेत ना? मंग रडतीस काय! बया, आपला बल्ब काढ एक!"

नानांच्या मोटरसायकलवर मागे तेजल बसली, बल्ब छातीशी धरून. अमोल आणि निकिता सायकली हाणत मागून निघाले. घरी टोपलं उचललं तर नऊ पिल्लं एकमेकांवर चढून ढिगारा झाली होती, अनारसा सगळ्यात तळाशी. नानांनी पिवळा बल्ब लावला, पिल्लांना कोमट पाणी पाजलं. अर्ध्या तासाने ढिगारा सैल झाला. आणखी थोड्या वेळाने अनारसा उठला आणि त्याने निकिताच्या बोटाला चोच मारली.

"जिवंत आहे! चावला, म्हणजे जिवंत आहे!" निकिता नाचू लागली.

पप्पा आले. तेजलने सगळं पुन्हा सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. पप्पांनी कपाळाला हात लावला. "मी तरी एकदा टोपलं उचलून बघायला हवं होतं! नाना, माफ करा." मग चाचरत म्हणाले, "ग्रुपवर मात्र आता परत नको काही. दोन दिवसांत लोक विसरतात."

"मामा, लोक विसरतील, पण नानांची पिल्लं कोण घेणार?" अमोलने विचारलं.

पप्पा चहा आणायला आत वळले. निकिताने टेबलावरचा फोन उचलून तेजलच्या हातात दिला आणि ती आणि अमोल दारात पहाऱ्याला उभे राहिले. तेजलने कॉलनीचा ग्रुप उघडला आणि बोलायचं बटण दाबलं. "मी तेजल बोलतेय. वाळूनानांची पिल्लं चांगलीच होती. माझ्या चुकीमुळे तीन मेली आणि मी ते लपवलं. कृपया नानांना पुन्हा फोन करा."

संध्याकाळपर्यंत नाना पिल्लांपाशीच थांबले, आणि चौघांपैकी तिघांचे त्यांना फोन आले. चौथ्याने काही केला नाही. कॉलनीतल्या प्रतिभाकाकू मुद्दाम घरी आल्या. "किती धीटपणे कबूल केलंस गं! शाब्बास!"

"शाब्बास नका म्हणू, काकू," तेजल म्हणाली. "तीन पिल्लं मेली." पप्पांनी लेकीला जवळ घेतलं आणि स्वतःच ग्रुपवर नानांची माफी मागितली.

नाना निघाले, मोटरसायकलला किक मारली आणि थांबले. "शाब्बास मी पण नाय म्हणत," ते तेजलला म्हणाले. "उद्या माझ्याकडं दोनशे नवी पिल्लं यायचीत, एका दिसाची. सकाळी ये. बल्ब तू लावायचास."

"मी?" तेजलला खरंच वाटेना. "माझ्यावर सोडाल तुम्ही?"

"तुझ्यावरच," नाना म्हणाले. "तू आता हात घालून बघितल्याबिगर राहायची नाय."