कोंबडीला आली मागणी!

"मागणी वाढली की भाव चढतो, पुरवठा वाढला की उतरतो. संपलं अर्थशास्त्र! मला काय पण विचारा!" चिंचेच्या फांदीवरून आदेश गरजला.

"मग आज नळाला पुरवठा का नाय झाला रे?" ऋतिकने खालून विचारलं.

आदेश विचारात पडला. मग फांदीवरून पडला. खाली शेण होतं.

अक्षदाला मात्र हसू येईना. गिरजाआत्याने सकाळीच सावळीच्या गळ्यात नवी दोरी बांधली होती. सावळी म्हणजे आत्याची शेळी. अक्षदा सुट्टीत गावाला यायची ती आधी सावळीसाठी, मग आत्यासाठी. आणि आत्या तिलाच विकायला निघाली होती!

"का गो आत्या?" सावळीला घेऊन निघालेल्या आत्याला तिने चिंचेखालीच अडवलं.

"उलट्या पिसांच्या कोंबड्या घ्यायच्यात. टेम्पोवाला मुकेश आठशेला देतो. नाक्यावर एक माणूस रोज दोन हजाराला मागतो. कळला का फायदा?"

"बरोबर! कोंबडीला मागणी आलीय!" शेण पुसत आदेश म्हणाला.

"मेल्या, मागणी पोरीला येते! कोंबडीला कुठलं स्थळ आलं, मुरबाडचं?"

"तशी मागणी नाय, बाजारातली!"

"बाजारात कोण स्थळं बघतो रे? आन् नुसती मागणी घालून काय होतंय? सुपारी फुटली तर खरं!"

आदेशचा पार गोंधळ उडाला. त्याच्या पुस्तकात सुपारी नव्हतीच! अक्षदाचंही डोकं गरगरलं, पण एकदम थांबलं.

"आत्या, सुपारी फुटली का? म्हणजे, त्या माणसाने एक तरी कोंबडी घेतली का?"

"घेईल की. नुसता विचारून जातो सध्या."

"चला रे!" अक्षदा ओरडली.

गावात तसली एकच जुनी कोंबडी होती, भीमाबाईंची. ती काखेत मारून तिघं नाक्यावर धावले. तो माणूस उभाच होता. "उलट्या पिसांची कोंबडी हाय का कोणाकडे? दोन हजार रोख!"

"हाय की! काढा पैसे!" अक्षदाने कोंबडी त्याच्या नाकासमोर धरली.

माणूस दचकला. "ही... ही जरा जास्तच उलटी आहे."

"मग हजाराला घ्या!"

"उद्या बघू."

"फुकट घ्या!"

"नको!"

"फुकट पण नको? ही कसली मागणी?" आदेश किंचाळला. तेवढ्यात कोंबडीने त्या माणसाच्या अंगठ्याला चोच मारली. तो जो पळत सुटला, तो वळणावरच्या टेम्पोत जाऊन पडला. "मुकेशभाऊ, गाडी काढ! पोरांनी खरंच कोंबडी आणली!"

मुकेशने घाईत रिव्हर्स टाकला. टेम्पो मागच्या मागे शेतात उतरला, फळी उघडली आणि पन्नास कोंबड्या गावात शिरल्या. त्यांच्यामागे अख्खा गाव! त्यातही दोघं-तिघं विचारत होते, "आठशेलाच ना?"

पोलीस पाटील वाल्मिककाकांनी दोघांना धरलं. एक गिऱ्हाईक बनायचा, दुसरा विकायचा. आधीच्या गावांत ज्यांनी कोंबड्या घेतल्या होत्या, त्यांचे पैसे परत मिळाले.

"शाबास गो पोरी! आमी मोठी माणसं खुळ्यासारखी भुललो," काका म्हणाले.

आत्याने सावळीची दोरी सोडली. "पोरीने सुपारी ओळखली!" ती सगळ्यांना सांगत सुटली.

काकांनी कोंबड्या पुरावा म्हणून जप्त केल्या. दुपारी मुलांचा सत्कार झाला. जेवण चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून एक बाई रोख पैसे घेऊन उलट्या पिसांच्या दहा कोंबड्या घ्यायला आल्या. पुरावा आदल्या दिवशीच रश्श्यात संपला होता.