हरणाबाईंचं पिवळं फोल्डर

यात एक अक्षर खोटं नाही. खोटंच सांगायचं असतं, तर स्वतःची चूक कशाला सांगितली असती?

कडेगावच्या एसटी स्टँडजवळ माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या श्रावणातला रविवार. भर दुपारचे अडीच. लाईटसुद्धा गेलेली नव्हती.

दोन दिवस आधी हरणाबाई मावशी मुलाचा जुना कंप्युटर रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या. नाथाजी त्यांचा एकुलता एक. सैन्यात होता. दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परत जाताना अपघातात गेला. त्याच सुट्टीत त्याने आईसाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. मावशींना वाचता येत नाही. कुठं दाबायचं, तेवढं त्याने शिकवलं होतं.

"सुरू व्हायला लय येळ लावतंय रं वीरधवल. नीट कर. पर त्यातलं ते पिवळं तेवढं जप. माझा नाथा हाय त्यात."

"आवं मावशी, काळजीच करू नका."

असं म्हणालो खरा. पण कंप्युटरमधलं प्रत्येक फोल्डर पिवळंच असतं. कुठलं, ते मी विचारलं नाही.

आमच्या धंद्यात ठरलेलं आहे. डिस्कचे दोन कप्पे. जपायचं ते डी ड्राइव्हला, विंडोज असते तो सी खुशाल पुसायचा. मी डी उघडूनही बघितला नाही. सी पुसला, नवीन विंडोज टाकली आणि चहा प्यायलो.

मग डी उघडला.

रिकामा...

मावशींना सापडावं म्हणून नाथाजीने ते फोल्डर समोर डेस्कटॉपवरच ठेवलेलं असणार. म्हणजे सी मध्ये. म्हणजे मीच पुसलं होतं.

पुसलेलं परत आणायची सगळी सॉफ्टवेअर लावून बघितली. फोटो सापडले. आवाज एकही नाही.

मी कंप्युटर बंद केला. वायर काढली. डोकं धरून बसलो.

आणि तेव्हा...

"आई, जेवलीस का?"

स्पीकर जोडलेला नव्हता. वायर माझ्या हातात होती.

आवाज नाथाजीचा होता. सुट्टीवर आला की तो माझ्याच दुकानात बसायचा. मी कसा चुकेन?

थोडा वेळ शांतता. उत्तराची वाट बघितल्यासारखी.

"आई?"

मी शटर अर्धं ओढून बाहेर पळालो.

पुढच्या रविवारी दोनलाच मावशींना बोलावलं. सगळं सांगितलं. पुसल्याचंही, ऐकल्याचंही. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला एकदा ऐकीव," एवढंच म्हणाल्या.

स्टुलावर बसून राहिल्या. एक हात कंप्युटरच्या डब्यावर.

अडीच वाजले. तीन वाजले.

काहीच नाही...

दिवस मावळायला आला तेव्हा त्या उठल्या. "नसंल आता त्यो. ऱ्हाऊ दे हितंच. घरी ठिवून काय करू?"

त्यांना एसटीत बसवलं. दुकानात परत आलो. कंप्युटर उचलून फळीवर ठेवला. आणि फळीवरून आवाज आला...

"आई आली न्हवती?"

ती बाई चार तास इथं बसली होती रे! तिला तू ऐकू गेला नाहीस, तुला ती दिसली नाही. मधे मी एकटा. आणि मी काय करणार?

त्यानंतर दर रविवारी अडीचला तो विचारतो. मावशींना पुन्हा बोलावायचा धीर झाला नाही. मग मीच एकदा रडकुंडीला येऊन बोललो, "येतील रं नाथा. येतायत."

त्यावर आवाज थांबला. तीन रविवार काहीच नाही. सुटलो म्हटलं.

गेल्या रविवारी पुन्हा आला. खुशीत होता.

"कुठवर आली?"

त्या दिवसापासून मी मावशींना रोज सकाळी फोन करतो. "जेवलात का?" एवढंच विचारतो.

आज तिसऱ्यांदा फोन लावलाय. नुसती रिंग वाजतेय, उचलत नाहीत...