बावडीवरचा माझा आवाज

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच बाबतीत घडली आहे आणि माझा नवरा तिचा साक्षीदार आहे. तो कबूल करणार नाही, ते सोडा.

बारा नोव्हेंबर. मंगळवार. भर दुपार.

भोपाळहून बैरसियाच्या पुढे सोयाबीन-गव्हाचं एक छोटं गाव आहे. खरं नाव सांगत नाही, बिलखेडी म्हणू.

आम्ही नेहरू नगरला राहतो. माझा नवरा अंबरीश एका ठेकेदाराकडे इंजिनिअर आहे. बिलखेडीत त्यांनी बाग केली, वाचनालय बांधलं आणि जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बाहेरून येणाऱ्यांना बघता यावी म्हणून दुरुस्तीला घेतली. बावडीपाशी एक लोखंडी खांब, खांबावर हिरवं बटण. दाबलं की बाईच्या आवाजात गावाची सगळी माहिती.

तो आवाज माझा.

महाराष्ट्र मंडळात निवेदन मीच करते, त्यामुळे अंबरीशने घरातच काम उरकलं. बेडरूममध्ये, पंखा बंद करून, दाराला गोधडी लावून. काम पूर्ण व्हायच्या आधीच आवाज भरून ठेवायचा, ही त्यांच्याकडची पद्धत. उद्घाटनाच्या वेळी धावपळ नको म्हणून.

एका वाक्यापाशी मी अडले. "सीढ़ियाँ पक्की हैं, आप नीचे पानी तक जा सकते हैं."

खरंच पक्क्या आहेत का, मी विचारलं.

"मी स्वतः शेवटच्या पायरीपर्यंत उतरून आलोय, मंजू. तू बोल."

मी बोलले. नवऱ्यावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे एक बाई गेली. सुमित्रा नाव. नवऱ्याबरोबर सोयाबीन घेऊन गावाजवळच्या मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, आली होती. ट्रॉलीचा नंबर लागायला अर्धा दिवस जातो, तेवढ्या वेळात बायका बागेत येऊन बसतात. ती बावडी बघायला गेली. बटण दाबलं. ऐकलं. खाली उतरली.

शेवटच्या चार पायऱ्या ढासळल्या.

हे मला अंबरीशने सांगितलं नाही, मी पेपरात वाचलं. विचारलं तर म्हणाला, पेपरवाले काहीही लिहितात, बाईचा पाय घसरला, आणि त्या दिवशी मी भोपाळमध्येच होतो. माझं समाधान होईना. माझ्या शब्दावर विसंबून कोणी जीवानिशी गेलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. मला तिथे घेऊन चल, म्हणून मी हट्टच धरला. दहा दिवस टाळून तो शेवटी तयार झाला.

मंडीचा दिवस होता. रस्ताभर ट्रॉल्या उभ्या.

बागेत मात्र एकही बाई नव्हती...

झोपाळे रिकामे. बावडीत पारवे असतातच असतात, तेही नव्हते.

बावडीच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकलेल्या. म्हातारे राखणदार केशवकाका लांब बाकावर बसले होते. मी नमस्ते म्हणाले आणि ते दचकून उठले. दोन पावलं मागे गेले.

"यही आवाज़ है," ते म्हणाले. "तार मैंने खुद काटा है, बहनजी. फिर भी दोपहर में बोलती है."

खांबाखाली तुटलेली वायर लोंबत होती. मी हात लावून बघितली. अंबरीश हसला. म्हणाला, गावातल्या लोकांना काहीतरी टाइमपास लागतो.

तेवढ्यात... खर्र...

"बिलखेड़ी में आपका स्वागत है."

बटणाजवळ कोणीच नव्हतं.

बाग झाली. वाचनालय झालं. बावडी किती जुनी, तेही झालं. आता ते वाक्य यायला हवं होतं.

आलं नाही.

नुसता श्वास ऐकू येत होता... घशात पाणी अडकल्यासारखा.

मग माझ्याच आवाजात, मी कधीही न बोललेलं...

"साहब ऊपर ही खड़े थे. मैंने पूछा, नीचे जाऊँ? साहब बोले, मशीन बता रही है ना, तो जाओ."

मी अंबरीशकडे पाहिलं. तो खांबाकडे बघतच नव्हता. खाली पाण्याकडे बघत होता.

"तू इथे होतास?"



"पाहणीला आलेले लोक बरोबर होते," तो म्हणाला. "खालच्या पायऱ्यांचं काम राहिलंय, हे त्यांच्यासमोर कसं सांगणार?"

शेवटच्या पायरीपर्यंत तो कधी उतरलाच नव्हता. माझ्या तोंडून त्याने खोटं वदवून घेतलं आणि वेळ आली तेव्हा त्या खोट्याच्या आड उभा राहिला. चौदा वर्षांचा संसार आहे आमचा. मला इतका संताप आला की भीती वाटायचीच राहून गेली.

भीती नंतर आली.

मी सगळं लिहून पोलिसांत दिलं. चौकशी चालू आहे. खांब उपटून नेला. तरीही दुपारी आवाज येतो, असं केशवकाका फोनवर सांगतात. आता एकच वाक्य असतं. "नीचे मत जाना."

आणि रोज दुपारी, साधारण त्याच सुमाराला, माझा आवाज जातो...

ओठ हलतात, घशातून काही निघत नाही. दहा मिनिटं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. सुमित्राला लागत असेल तर नेऊ दे.

पण एका रविवारी अंबरीश घरी होता. मी सोफ्यावर तोंड मिटून बसले होते. जेवलीस का, त्याने आतून विचारलं. मी उत्तर देऊच शकत नव्हते.

तो दारात आला. थबकला. कोणी बोलत असावं तसा ऐकत राहिला... चेहरा पांढराफटक.

आवाज परत आल्यावर मी विचारलं, तुला काय ऐकू आलं?

"काही नाही," तो म्हणाला. अजूनही मला खरं सांगत नाही.

हल्ली तो दुपारी ऑफिसमधून घरी येतो. त्या दहा मिनिटांत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि माझ्या बंद तोंडाकडे बघत राहतो. मधूनच मान हलवून म्हणतो, "हो. येतो."

गाडीची किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. किती दिवस ठेवावीशी वाटेल, ते मला सांगता येत नाही.