बोट उचललं तेव्हा

निर्मलाताई करंबेळकरांनी माउस धरला की तो टेबलावर टकटक वाजायचा. कंपवाताला वर्ष झालं होतं. कराडच्या एका दप्तरखान्यात त्या एकोणतीस वर्षं मोडीतले जुने कागद वाचत होत्या. पडद्यावर एकेक मोडी शब्द आणि त्याखाली संगणकाने लावलेलं वाचन उजळायचं. खात्री असली तर डावं बटण, शंका असली तर उजवं. शंकेचे शब्द दुसऱ्या वाचकाकडे जात, खात्रीचे थेट कोर्टातल्या जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून चालत. थरथरत्या बोटाने भलतंच बटण दाबलं जाऊ लागलं, तेव्हा साहेबांनी महिन्याची मुदत दिली. नाही जमलं तर घरी बसायचं.

आणि घरी बसायचं म्हणजे बाईंच्या लेखी अर्धं मरणच. म्हणून त्यांची भाची तेजस्विनी धावून आली. तिथले संगणक लिनक्स या प्रणालीवर चालत, आणि लिनक्समध्ये माउसच्या कुठल्या बटणाने काय करायचं हे आपल्याला ठरवता येतं. तिने सेटिंगच्या फाइलीत चार ओळी लिहिल्या: लागोपाठ दोनदा दाबलं तरी एकदाच धर, ओझरता स्पर्श सोडून दे. तेवढ्याने भागेना. मग तिने नुकताच निघालेला ‘हेतुवाचक’ हा प्रोग्राम आणि त्याचा खास माउस बसवला. माउसमधला संवेदक बोटाची हालचाल मोजायचा, त्यातली थरथर वजा करायचा आणि बोटाला काय करायचं होतं ते स्वतःच करून टाकायचा.

“मावशी, आता नुसतं मनात आण,” तेजू म्हणाली.

काम भराभर उरकू लागलं. महिनाअखेर साहेब स्वतः टेबलाशी आले.

“कमाल केलीत बाई. तीनशे चाळीस पानं, आणि एकही शंका नाही.”

बाईंनी माउस बाजूला सारला. एकही शंका न येता मोडीची चार पानंसुद्धा होत नाहीत. त्यांची जुनी सवय अशी, की शब्द अडला की बोट बटणावरून उचलायचं, ओळ पुटपुटायची आणि मगच दाबायचं. हल्ली बोट उचलताच पुढचा शब्द यायचा. शंका यंत्राने ओळखली, असं त्या समजून चालल्या होत्या.

साहेब गेल्यावर बाईंनी तेजूला बोलावलं. तिने ‘हेतुवाचका’च्या नोंदी उघडल्या आणि तिचा चेहरा उतरला. “उचललेलं बोट त्याने थरथर धरलं, मावशी. प्रत्येक वेळी ‘खात्री’ दाबली. चूक माझी आहे.”

“तुझी कसली? बोट माझं. सगळी पानं मी पुन्हा वाचते. साहेबांना मीच सांगेन.”

“ते काम काढून घेतील.”

“घेऊ देत. माझ्या खात्रीवर कुणाची तरी जमीन जायची.”

तेजूने ‘हेतुवाचका’ची ओळ बंद केली. “बोट उचललं की शंका, असं लिहू का? पण मग नुसती थरथरही शंका ठरेल.”

“ठरू दे. जास्तीची शंका दुसरा वाचक निस्तरेल.”

पहिलं पान पुन्हा उघडलं. तिसऱ्याच शब्दाला बोट वर गेलं, पडद्यावर ‘शंका’ उमटली.

“मावशी, ही खरी की थरथर?”

बाईंनी शब्दाकडे पाहिलं, मग बोटाकडे. काही केल्या त्यांना सांगता येईना. मग गेल्या वर्षभरात मनात आलेल्या शंका तरी मनातूनच आल्या होत्या, की बोटातून वर चढल्या होत्या?