दंडावरचा वण

"डावी बाही वर," प्रेमलता म्हणाली. दिवसभर ती हेच म्हणायची, त्यामुळं म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायची तिला सवयच उरली नव्हती.

समोरच्यानं बाही वर केली. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती, दंडावर पावसाचे चार थेंब होते. तिनं ते कापसानं टिपले आणि मग मात्र तिला वर बघावंच लागलं. कारण दंड अगदी कोरा होता. देवीच्या जुन्या टोचणीचा गोल वण, जो त्या काळी ज्याच्या त्याच्या दंडावर असायचा, तो या माणसाच्या दंडावर नव्हता.

"लहानपणी देवी टोचली नाही तुम्हाले?"

"नाही जी."

"काहून?"

"टोचणारा मोहल्ल्यात आला की माय मले कणगीत बसवे. वरून टोपलं झाके. मी आपलं नाक दाबून धरो... शिंक आली तर पकडला जाईन म्हणून."

प्रेमलताला हसू आलं. ते तिनं ओठातच दाबलं, पण डोळ्यांत जायचं ते गेलंच. त्यानं ते पाहिलं.

"आता कुठं लपाल?" ती म्हणाली.

"आता काहून लपू? आता तर मीच दंड घेऊन आलो ना, मॅडम."

सगळी रांग तिला 'सिस्टर' म्हणायची. हा एकटा 'मॅडम' म्हणाला, आणि तेही असं, की तिला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. त्या दिवसांत परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, व्हिसा हवा आणि त्याच्या जोडीला देवी टोचल्याचं पिवळं पुस्तक हवं. ते नसलं तर पुढच्या देशाच्या दारातूनच माणसाला परत पाठवायचे. धरमपेठेतल्या आरोग्य केंद्रात हे टोचण्याचं काम प्रेमलताकडं होतं. लहानपणी टोचलेल्यांचं काम सोपं. पुन्हा टोचलं की त्याच दिवशी शिक्का. पण ज्याला जन्मात पहिल्यांदा टोचलं, त्यानं आठवड्यानं येऊन दंड दाखवायचा. फोड उठला तर पास. नाही उठला तर पुन्हा टोचायचं. सही मोठ्या डॉक्टरांची असे, पण उठलं की नाही हे सांगायची प्रेमलता.

या माणसाचं नाव बळीराम गजभिये. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. इराणातल्या एका इस्पितळानं त्याला बोलावलं होतं.

"इथं मी मदतनीस," तो म्हणाला, "तिथं स्वतःची खोली, नवीन मशीन. अन् दारावर माहं नाव राहीन म्हणतात."

तिनं लसीचा थेंब ठेवला, सुईनं टोचलं. "आठ दिवसांनी या. अन् वाळेपर्यंत हात लावू नका."

आठवड्यानं तो आला तेव्हा दंड पुन्हा कोरा. "पावसानं धुतलं असंल," तो म्हणाला. तिनं पुन्हा टोचलं. पुढच्या आठवड्यातही तसंच! प्रेमलता घाबरली. लस खराब म्हणावी तर त्याच कुपीतली बाकीच्यांची उठली होती.

"तुमची कातडी मोठी हट्टी आहे," ती म्हणाली.

"मायवर गेली."

"अन् तुम्ही?"

"मी... मी बापा कोणाले हट्ट करू? कोणी ऐकतच नाही."

तिनं तिसऱ्यांदा टोचलं. तो निघाला. आता, बाई, तो गेला म्हणजे गेला, पुढच्याची बाही वर करायची; पण नाही. ती खिडकीशी गेली. आवारातल्या चिंचेखाली बळीराम उभा होता आणि रुमालानं दंड पुसत होता. हळूच, काळजीनं, एक थेंबही राहू नये अशा बेतानं.

"ओ गजभिये!" सगळी रांग वळून पाहील एवढ्या मोठ्यानं ती ओरडली. "इकडं या!"

तो आला. चोरी पकडली गेलेला माणूस जसा येतो, तसाच आला.

"काय करून राहिले होते?"

"पुसून राहिलो होतो."

"काहून?"

तो रुमालाची घडी घालत राहिला. "उठली की... पुन्हा येण्याचं काय कारण सांगू मी, मॅडम?"

एवढ्या वर्षांत एवढे दंड तिच्या हाताखालून गेले, पण तिच्यासाठी कोणी आपला दंड असा कोरा ठेवला नव्हता. तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. पिवळं पुस्तक नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर इराण नाही. महिनाअखेर त्याला मुंबईत हजर व्हायचं होतं.

"अन् इराण?"

"इराण कुठं पळून जाते?"

"इराण नाही पळत. नोकरी पळते." तिचा आवाज जरा चढलाच. "बसा इथं. वाळेपर्यंत उठायचं नाही."

तिनं नवा थेंब ठेवला, नव्यानं टोचलं. आणि विश्वास नाही म्हणून त्याचं मनगट धरून बसली. रांगेतले लोक तिष्ठत राहिले. कोणी खाकरलं, कोणी घड्याळ पाहिलं. थेंब केव्हाच वाळला होता, हे तिला कळत होतं आणि त्यालाही. तरी तिनं मनगट सोडलं नाही, आणि त्यानं सोडवून घेतलं नाही.

"वाळलं का?" शेवटी त्यानंच विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. दोन दिवस वाट पाहून ती इंदोऱ्याला त्याच्या घरी गेली. तपासायला जायचं होतं म्हणा... तसं कामच होतं ते! दारावर लिंबाचा डहाळा खोचलेला. आत बळीराम तापानं फणफणलेला, आणि उशाशी त्याची माय बायजाबाई.

"देवीसाठी नाही वं बाई लावला लिंब," प्रेमलताची नजर दाराकडं गेलेली पाहून बायजाबाई घाईनं म्हणाली. "देवी-देव तर आम्ही छप्पन सालीच सोडले. पण लिंबाचं काय बिघडलं होतं?"

प्रेमलतानं बाही सरकवली. फोड उठला होता. टपोरा, गोल, नियमात लिहिला असतो अगदी तसा.

बायजाबाईनं तिला बाजूला चुलीपाशी नेलं. "लहान होता तवा कणगीत लपवला त्याले. आता एवढ्या मोठ्याले कुठं लपवू, सांग?" तिनं प्रेमलताचा हात धरला. "तुह्या हातात आहे ना वं. नाही उठली म्हणून लिही. म्हण, याच्या अंगाले लागतच नाही. कोणाले समजते?"

कुणालाच समजलं नसतं. मोठे डॉक्टर दंड पाहतही नसत. एक शब्द, फक्त 'नाही' म्हणायचं, आणि बळीराम नागपुरातच राहिला असता. रामदासपेठेत एक्स-रे काढत, दर रविवारी काहीतरी निमित्त काढून धरमपेठेला येत. प्रेमलताच्या मनात ते सगळं येऊन गेलं. खोटं कशाला सांगा, तिला त्याचा मोह पडला.

तेवढ्यात आतून बळीरामनं हाक मारली. "मॅडम... एक गंमत सांगतो. 'श्वास घ्या, आता थांबवा', हे फारसीत कसं म्हणते, मी शिकलो. एक्स-रे काढताना लागते ना." आणि तापलेल्या डोळ्यांनी, उच्चार पुन्हा पुन्हा चुकवत, त्यानं ते म्हणून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की प्रेमलताला त्याच्याकडं पाहवेना.

"उठली आहे, मावशी," ती बायजाबाईला म्हणाली. "चांगली उठली आहे."

बायजाबाईनं तिचा हात सोडला.

पुस्तक न्यायला तो शेवटचा आला, तेव्हा ऊन पडलं होतं. नवा शर्ट, नवे बूट. तिनं पुस्तक पुढं केलं.

"तीन वर्षं चालते हे," ती म्हणाली.

"अन् मंग?"

"मंग पुन्हा टोचावं लागते."

"मंग येतो ना मी."

"तिकडंही टोचतात म्हणे..."

"टोचत असतील. मी नाही टोचून घेणार." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "तीन वर्षांनी याच टेबलापाशी, हाच दंड. तवा वाळू द्याले किती वेळ बसवाल?"

"बसवीन... बसवायचं तेवढं."

तिला तेव्हाच म्हणायचं होतं. जाऊ नका नव्हे, जा, पण माझे होऊन जा. जिभेवर आलं होतं. पण तिनं विचार केला, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. नियमच आहे. त्याला यावंच लागेल, तेव्हा म्हणू. प्रेमात पडलेल्या बाईनं एअरपोर्टावरच्या नियमाच्या भरवशावर राहावं, याला काय म्हणावं! पण ती राहिली. आणि तोही राहिला असावा, कारण तोही काही बोलला नाही.

पत्रं आली. तिकडच्या बर्फाची, मशीनची, दारावरच्या नावाची. तिनं इकडच्या उन्हाची लिहिली. घरी स्थळं आली, तिनं परतवून लावली. आईला सांगितलं, "थोडं थांब." किती थांबायचं ते मनात पक्कं ठरलेलं होतं.

आणि देवीच गेली!

म्हणजे देशातून गेली. सत्त्याहत्तर साली सरकारनं जाहीर केलं, देवीचा रोग आता भारतात उरला नाही. केंद्रात समारंभ झाला, हार झाले, टोचणाऱ्या सगळ्यांना पेढे वाटले. प्रेमलतानंही पेढा घेतला. मग ती मागच्या खोलीत जाऊन रडली. एवढा मोठा रोग गेला म्हणून रडणारी साऱ्या देशात ती एकटीच असेल, आणि याची तिला लाजही वाटली.

एकेका देशानं देवीचा दाखला मागणं सोडून दिलं. त्याच सुमारास बळीरामचं पत्र आलं. 'पिवळं पुस्तक आता कोणी विचारत नाही. इथले लोक नोकरीची मुदत वाढवून देऊन राहिले. काय करू?'

काय करू, असं त्यानं विचारलं होतं. दोनच अक्षरं लिहायची होती, 'या ना.' तिनं कागद पुढं ओढला. पण आता कारण काय सांगायचं? नियम होता तोवर बोलावण्याची गरज नव्हती, आणि आता बोलवायचं म्हणजे मन उघडंच करायचं. दाराशी उभ्या माणसाला आत ये म्हणायला तिची जीभ कधी वळली नव्हती. तिनं लिहिलं, 'वाढवून घ्या. चांगलंच आहे.'

त्यानंतर पत्रं विरळ झाली आणि मग थांबली.

इराणात राजवट उलथली, लढाई पेटली, तिकडं गेलेले कितीतरी परत आले. अशाच एका पावसाळ्यात प्रेमलता त्याच टेबलापाशी कॉलऱ्याची सुई टोचत होती. काही देश तो दाखला अजून मागत.

"डावी बाही वर."

समोरच्या दंडावर गोल वण होता. आपलं काम आपण ओळखतोच. तिनं वर पाहिलं. बळीराम. कानशिलं पिकलेली, शेजारी लहानशी मुलगी.

"लिबियाले चाललो," तो म्हणाला. "हिची आई आधीच तिकडं कामावर गेली. इराणात माह्याच इस्पितळात होती ती, नर्स. केरळची."

"बरं आहे," प्रेमलता म्हणाली.

"मी वाट पाहिली होती, मॅडम... तुम्ही लिहाल म्हणून."

"मीही पाहिली." तिनं कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. "मी न लिहिताही तुम्ही याल म्हणून."

रांगेत कोणीतरी खाकरलं. तिनं त्याला टोचलं, मग मुलीची इवलीशी बाही वर केली आणि सवयीनं दंड वळवून पाहिला. कोरा होता. देवी गेल्यावर जन्मलेलं पोर; आता कुणाच्याच दंडावर तो वण असणार नव्हता. तिनं तो दंड जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला.

"दुखेल?" मुलीनं विचारलं.

"थोडंसं."

टोचून झालं. बळीरामनं दोन्ही दाखले घेतले, पण पाय निघेना. दाखल्याकडं पाहतच त्यानं विचारलं, "हे किती दिवस चालते?"

"सहा महिने."

"अन् मंग?"

प्रेमलतानं नवी सुई उचलली.

"मंग तिकडंच टोचून घ्या," ती म्हणाली, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला तिनं बाही वर करायला सांगितली.