नवी का जुनी?

सप्टेंबर नव्व्याण्णव. राजूरच्या जीप स्टँडवर भुरभुर पाऊस लागला होता आणि मी एका अनोळखी जीपवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे काँग्रेस कुठवर पसरलीय हो?"

मी विचारत होते ते गाजर गवताबद्दल. नगरला आमच्या सावेडीत त्याला सगळे काँग्रेसच म्हणतात. हे गवत अकोले तालुक्यात आज कुठे आहे आणि उद्या कुठे येऊ शकेल, याचा नकाशा आम्ही कॉलेजात करत होतो. पण निवडणुका चालू होत्या आणि काँग्रेस पक्ष नुकताच फुटून नवी-जुनी अशा दोन काँग्रेस झाल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नवी का जुनी?"

किती बारकाईने पाहतो हा! कोवळी रोपं वेगळी, जून झाडं वेगळी... आणि डोळे असे की – जाऊ दे.

"दोन्ही सांगा ना." मी वही उघडली.

"वरच्या वाडीत झाडून सगळी जुनी. खालच्या वाडीत, म्हंजे आमच्यात, नवी आत्ता कुठं मूळ धरतीय. पर तुमी कुणाकडनं?"

"कॉलेजकडून."

"कॉलेजबी उतरलं व्हय यंदा!"

नाव गोरक्ष. मी ते वहीत लिहिलं आणि उगाचच खाली रेघ मारली.

नगरला आल्यावर काचेखाली दिवा लावून तीन ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले. एकावर पाऊस, एकावर माती, एकावर चढ. तिन्ही जुळतील ती जागा गवत येण्याजोगी, तिथे लाल पेन्सिल. खालची वाडी लालेलाल झाली. वरच्या वाडीवर दाट रान आणि धो धो पाऊस, तिथे गवत टिकायलाच नको. माझी वही मात्र नेमकं उलटं सांगत होती.

सर म्हणाले, "वृषाली, एक तर आपलं गणित चुकलंय, नाहीतर तुझा गोरक्ष. सोमवारी नकाशा द्यायचाय. गवत उपटणारी माणसं एकाच वाडीला मिळणार आहेत."

'तुझा' सर सहज म्हणाले. लाजले मात्र मी.

शनिवारी ट्रेसिंग पेपर घेऊन पहिल्या एसटीने राजूर गाठलं. गोरक्षने जीप वरच्या वाडीत नेली. जिकडेतिकडे भात, औषधालाही गाजर गवत नाही.

"कुठंय काँग्रेस?"

"ही काय!" त्याने देवळाच्या पायरीवर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांकडे बोट केलं. "सगळी जुनी."

मी वहीतली गाजर गवताची वाळलेली काडी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने काडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि दोघं इतके हसलो की म्हातारेही हसायला लागले.

खालच्या वाडीत मात्र हसू आवरलं. बांधाबांधाला कमरेएवढं गवत, पांढरं फुललेलं. गोरक्षच्या घरी ओसरीवर त्याची आई, चांगुणाबाई, हाताला खोबरेल चोळत बसलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत खाजवून लाल झालेले.

"गवात उपटलं की असं व्हतंय, बाई," त्या म्हणाल्या.

माझ्या वहीवर विसंबलो असतो तर माणसं वर गेली असती. मी वहीत खालच्या वाडीपुढचं 'नवी, थोडी' खोडलं आणि 'भरपूर' लिहिलं. नकाशा पुरा झाला. आता इथे परत यायला मला काही कारण उरलं नव्हतं आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

मी ट्रेसिंग पेपर गुंडाळायला घेतले. गोरक्षने कागदांवर हलकेच हात ठेवला.

"आज गवात न्हाई, पर उद्या येनार, हे कसं कळतं?"

"पाऊस, माती, चढ जुळलं की जागा येण्याजोगी."

"मग... आमचं घर बघा की. पाऊस हाय, माती हाय, चढबी बेताचा. येन्याजोगं हाय का?"

"कुणाला?"

"नगरच्या... कुनाला तरी."

"म्हणजे मी गाजर गवत?"

"न्हाई हो! ते उपटाया मान्सं मागवतोय. तुमी तर..." आणि बिचारा अडकला.

मी नकाशा पुन्हा उलगडला. खालच्या वाडीतल्या त्या घराभोवती काळ्या पेन्सिलीने छोटा गोल काढला आणि शेजारी लिहिलं – 'येणार'.

त्याने दोनदा वाचलं. "कवा?"

"नवी आहे अजून," मी म्हणाले. "मूळ तरी धरू द्या."

ओसरीवरून चांगुणाबाई म्हणाल्या, "धरलंय की गं कवाच. आता आत ये, चहा निवतोय."